बोलेरो पिकअप टू व्हीलची फोर बाय फोर करून घ्यावी का? काळ्या रानात लई फसायलीय

मोसंबीवाला_घनसावंगी

राम राम मंडळी. गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.

माझ्याकडं बोलेरो पिकअप आहे, 1.3 टनवाली, साधी टू व्हील, म्हणजे नुसत्या मागच्या चाकावर चालणारी, फोर बाय फोरसारखी चारही चाकं ओढणारी नाही. आमचं रान गोदाकाठाला, सगळं भारी काळं, आन मोसंबीचा बाग डांबरी रोडपासून दीड किलोमीटर आत. उन्हाळ्यात गाडी थेट झाडाखाली जाते, काही अडचण नाही, पण आंबे बहाराचा माल उतरतो तो नेमका ऑगस्ट-सप्टेंबरात म्हणजे पाऊस चालू असताना, पाणंदीत नुसता राडा झालेला असतो आन व्यापारी म्हणतो आजच माल द्या, उद्या भाव सांगता येत नाही. रिकामी गाडी आत जाते कशीबशी, भरून निघाली की दोन ठिकाणी हमखास बसते, एक वढ्याच्या उताराला आन एक शेजाऱ्याच्या बांधापाशी जिथं पाणी साचतंय. मागचं एक चाक जागेवर गरगर फिरतं आन दुसरं हलतसुद्धा नाही.

ट्रॅक्टर आहे घरचा. पण ट्रॅक्टरनं कॅरेट रोडला आणायचे आन तिथं परत पिकअपमधी भरायचे म्हणजे दोनदा हमाली, फळाला मार लागतो, जालन्याच्या मार्केटला गेल्यावर डागी माल वेगळा काढतात आन त्याचा भाव निम्मा.

एका मिस्त्रीनं सांगितलं की जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आन ट्रान्सफर केस (बॉक्सचा जोर पुढच्या चाकांकडंबी वाटणारा डबा) भंगारातून आणून बसवून देतो, सगळं मिळून दीड लाख. करावं का? कुणी केलंय का? पासिंगला काही त्रास होतो का? आन खरंच फरक पडतो का, का पैसे चिखलात जायचे?

स्प्रिंगपाटा_जालना

भाऊ, मी गाड्यांचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

बसवून मिळतं. लोखंड आहे, कापता येतं, जोडता येतं. पण मिस्त्रीनं तुम्हाला अ‍ॅक्सल आन ट्रान्सफर केस एवढंच सांगितलंय, त्याच्या मागं काय काय येतं ते ऐका. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडातून सरळ प्रोपेलर, म्हणजे जोर नेणारा लांब दांडा, निघून मागच्या गोळ्याला, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलला जातो. फोर बाय फोरला त्या तोंडाशी ट्रान्सफर केस लागते आन त्यासाठी बॉक्सचा मेन शाफ्टच वेगळा असतो, म्हणून बहुतेक वेळा त्याच फॅमिलीच्या फोर बाय फोर गाडीचा अख्खा बॉक्स ट्रान्सफर केससकट घ्यावा लागतो. मग मागचा प्रोपेलर कापून कमी करायचा आन बॅलन्स करायचा, पुढं जायला नवा करायचा, क्रॉसमेंबर सरकवायचा, सायलेन्सरचा पाइप वळवायचा, स्पीडोमीटरची केबल कुठून निघते ते बघायचं. पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा नेमका इंजिनच्या चेंबरखाली (ऑइलच्या भांड्याखाली) येतो, खड्ड्यात पाटे दबले की गोळा चेंबरवर आदळणार, म्हणून गाडी पुढून उचलावी लागते, उचलली की स्टेअरिंगचा दांडा तिरपा होतो आन मग गाडी रोडवर एका बाजूला ओढते. एक गोष्ट बदलली की चार बदलाव्या लागतात, सगळं असंच.

जुन्या जीपचा अ‍ॅक्सल तर तुमच्या गाडीला अजिबात घेऊ नका, दोन कारणं. त्याची रुंदी कमी, म्हणजे पुढची चाकं एका चाकोरीत आन मागची दुसऱ्या, चिखलात मागच्या चाकांना आपली वाट नव्यानं कापत जावं लागतं, जोर दुप्पट लागतो. आन त्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागचा प्रोपेलरसुद्धा एका अंगाला निघतो, तिचा मागचा गोळाच मुळात मधोमध नसतो. तुमचा मधोमध आहे. तिरपा प्रोपेलर लावला की त्याच्या टोकाचे क्रॉस (वळते जॉइंट) टिकत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेशो. पुढच्या आन मागच्या गोळ्याचा क्राऊन-पिनियन रेशो, म्हणजे आतल्या मोठ्या आन लहान दातेचाकाच्या दातांचं प्रमाण, एकसारखाच पाहिजे, इथं अंदाजपंचे चालत नाही. समजा मागं क्राऊनला 41 दात आन पिनियनला 9, म्हणजे 4.55. आन जीपच्या अ‍ॅक्सलमधी निघाले 43 ला 8, म्हणजे 5.38. आता फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही प्रोपेलर एकाच स्पीडनं फिरणार, मग पुढचं चाक 100 फूट चालतं तेवढ्यात मागचं 118 फूट जायला बघतं. गाडी स्वतःशीच भांडायली. चिखलात चाक घसरून थोडं सुटतं म्हणून लगेच कळत नाही, पण टणक जागा लागली की ट्रान्सफर केसचे दात नाहीतर हाफ शाफ्ट (गोळ्यातून चाकाला जाणारा दांडा), जे कच्चं असेल ते जातं.

गोळा न उघडता रेशो काढायचा असेल तर घरी करता येतं. गाडी सपाट जागी लावा, बाकी तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलरवर आन टायरवर खडूनं रेघ मारा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन चकरा फिरवा आन दुसऱ्या माणसाला प्रोपेलरच्या चकरा मोजायला लावा. साडेचारच्या थोडं वर भरलं तर 4.55, पाचच्या वर सव्वा-साडेपाचच्या मधी भरलं तर 5.38. दोन चकरा यासाठी की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, मग क्राऊन निम्माच फिरतो. मात्र कुणी गाडीखाली झोपायचं नाही, बाजूनं वाकून बघायचं.

मोसंबीवाला_घनसावंगी

एवढं कुणी सांगितलंच नव्हतं दादा. आज वाकून बघितलं, पुढं पाटेच आहेत आन सरळ बीम आहे. मग मिस्त्री म्हणतो तसं त्या पाट्यावर दुसरा अ‍ॅक्सल बसतो का?

स्प्रिंगपाटा_जालना

पुढं पाटे आन सरळ बीम असला तर काम त्यातल्या त्यात सोपं, यू बोल्टवर अ‍ॅक्सल बसतो. ज्यांच्या गाडीला पुढं आयएफएस आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, त्यांना तर चेसिसच कापावी लागते, त्यांनी हा विषयच सोडावा. पण सोपं म्हणजे करावंच असं नाही. अजून एक, फिरतं चाक वळवायचं म्हणजे आत जॉइंट असतो, तो ठराविक कोनापर्यंतच वळतो, त्यामुळं गाडीला वळायला जागा जास्त लागते. बागेच्या दोन ओळीत तुम्ही आत्ता जिथं एका दमात वळवता तिथं मागं-पुढं करावं लागेल. आन क्विंटलभर वजन वाढतं ते मालातूनच कमी होणार.

क्लेमवाला_संभाजीनगर

मी अपघाताच्या क्लेमचं काम बघतो, त्यामुळे कागदाची बाजू सांगतो. कृपया ही बाजू हलक्यात घेऊ नका.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 वाचा. कंपनीनं गाडीचं जे स्पेसिफिकेशन दिलंय आणि आरसीवर जे आहे त्याच्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यानंतर 2019 च्या दुरुस्तीत 182-अ हे कलम बदललं, त्यात मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मान्यता असलेलं किट असेल तर परवानगी घेऊन बदल करता येतो, जसं सीएनजीचं करतात, पण भंगारातला अ‍ॅक्सल आणि गावातलं वेल्डिंग त्यात बसत नाही.

दंड एक वेळ भरून मोकळे व्हाल. खरी भीती पुढची आहे. तुमची गाडी मालवाहतुकीत पास आहे, म्हणजे 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. इन्स्पेक्टरनं खाली वाकून पुढचा गोळा बघितला की गाडी तिथंच अडकते. आणि देव न करो पण भरलेली गाडी जालना रोडवर कुणाला लागली, स्टेअरिंगचा दांडा बदललेला, चेसिसला वेल्डिंग, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो त्याचाच काढतो. समोरच्याची नुकसानभरपाई काही लाखांत असते आणि ती मग शेत विकून द्यायची वेळ येते. मी अशी कुटुंबं जवळून बघितली आहेत म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय. मोसंबीचे दोन कॅरेट डागी गेले तर चालतील.

गंगाखेड_कॅम्पर

फोर बाय फोर पाहिजेच असेल तर कंपनीतून आलेलीच घ्या ना. बोलेरो कॅम्पर फोर डब्ल्यू डी मधी निघालेली आहे, टाटा योद्धा 4x4 आहे, त्याच्या आधीची झेनॉन 4x4, स्कॉर्पिओ गेटअवे 4x4. सेकंड हँडमधी शोधलं की मिळतात, आपल्याकडं कमी, हिमाचल-उत्तराखंडकडं जास्त, पण बाहेरच्या राज्यातून आणली की एनओसी आन इथला रोड टॅक्स परत भरायचा तो हिशोब धरूनच सौदा करा. आरसीवर मॉडेलचं नाव बघा, तिथंच 4WD लिहिलेलं असतं, नसलं तर सौदा सोडा.

मी वापरतो कॅम्पर फोर बाय फोर, सेकंड हँडच घेतलीय, रान आमचं तुमच्यासारखंच, गोदावरीच्या कडचं. घेताना बघायचं म्हणजे लिव्हर नुसता ओढून बघू नका, मातीत नेऊन फोर एल (फोर बाय फोरचा सावकाश पण जास्त जोराचा गिअर) टाकून गाडी हळू चालवा, पुढचे दोन्ही चाकं खरंच ओढतात का बघा. कित्येक जणांनी वर्षानुवर्षं तो लिव्हर हलवलेलाच नसतो, आतलं सगळं जाम. पुढच्या गोळ्याचा नट खोलून ऑइल बोटाला लावा, दुधासारखं पांढरं असलं तर पाणी शिरलंय. चाकाजवळचे रबरी बूट फाटलेले असले तर जॉइंटमधी माती गेलेलीच असणार.

आन घेतल्यावर एक सांभाळा, ही पार्ट टाइम सिस्टीम आहे, डांबरीवर लावून फिरायचं नाही. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर जावं लागतं, मधी सूट द्यायला काही नसतं, सगळा पीळ शाफ्टमधी साठतो आन मग लिव्हरसुद्धा निघत नाही. निघाला नाही तर थोडी मागं घ्या, पीळ सुटतो. चिखलात जायच्या आधी लावा, रोडला लागायच्या आधी काढा. फसल्यावर लावतात लोक, तोपर्यंत गाडी पोटावर बसलेली असते, मग आठ चाकं असली तरी काय करणार.

ऊस_पाथरी

सगळे नको नको म्हणायलेत म्हणून लिहितो. आमच्या भावकीत एकानं केलीय पिकअपची फोर बाय फोर, सगळे पार्ट एकाच अपघातातल्या कॅम्पर फोर बाय फोरचे, बॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही अ‍ॅक्सल, प्रोपेलर, पार लिव्हरसकट. मागचासुद्धा त्याच गाडीचा बसवला म्हणून रेशोचा प्रश्नच आला नाही. चालतीय गाडी. पावसाळ्यात ऊसलागणीचं बेणं घेऊन जिथं ट्रॅक्टरवालेसुद्धा विचार करतात तिथून निघते. तेव्हा होतच नाही असं म्हणू नका, तुकडे तुकडे गोळा करून होत नाही, एका गाडीचं एका गाडीला केलं तर होतं. कागदाचं क्लेमवाले साहेब म्हणतात ते खरंच आहे, तो रोडवर जास्त काढतच नाही, शेतातच ठेवतो. पण मोसंबीवाले भाऊ, तुम्हाला तर मार्केटला जायचंय रोज.

आन खर्च दीड लाखात अजिबात होत नाही, त्यानं सुरुवात तिथूनच केली होती, पुढं कितीवर गेलं ते तो सांगत नाही.

स्प्रिंगपाटा_जालना

पाथरीच्या भाऊंचं बरोबर आहे, करायचंच तर असंच, पूर्ण एका गाडीचं.

पण मोसंबीवाले भाऊ, तुम्ही पहिल्याच पोस्टमधी जे लिहिलंय तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. एक चाक गरगर फिरतं आन दुसरं हलतसुद्धा नाही. म्हणजे तुमच्याकडं टू व्हील ड्राइव्ह आहे पण चिखलात तुम्ही एकाच चाकावर चाललाय. साध्या डिफरन्शियलमधी दोन्ही चाकांना जोर सारखाच जातो, आन तो किती, तर ज्या चाकाला पकड कमी त्याला पेलेल तेवढाच. फिरत्या चाकाला काही पकडच नाही, मग दुसरं टणक मातीत असून उपाशी. पुढं अजून एक असाच साधा गोळा बसवला तर त्याचंबी एक चाक असंच फिरणार. तेव्हा आधी मागच्या चाकांचं बघा.

तात्पुरता उपाय, रुतायला लागली की फर्स्ट गिअरला रेस न वाढवता हँडब्रेक दोन-तीन दात ओढा. फिरत्या चाकाला ब्रेकचा थोडा अडसर मिळतो, मग तेवढा जोर दुसऱ्या चाकाला जायला लागतो. तुमचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर असला आन नीट सेट केलेला असला तरच. पक्का उपाय म्हणजे लॉकिंग डिफरन्शियल, नव्या थारमधी आन बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमधी कंपनीच देते, एक चाक दुसऱ्यापेक्षा लई जोरात फिरायलं की आपोआप लॉक होतं, स्पीड वाढला की सुटतं. तुमच्या हाऊसिंगला बसणारा मिळतो का ते आधी पार्ट नंबर घेऊन विचारा, आन क्लेमवाले साहेबांना विचारूनच बसवा. काही जण आतले स्पायडर गिअर वेल्डिंग करून टाकतात, ते मात्र करू नका, डांबरीवर प्रत्येक वळणाला एक टायर घासत जातो आन भरल्या गाडीत हाफ शाफ्ट तुटतो.

टायर कोणते आहेत मागं?

मोसंबीवाला_घनसावंगी

मागं-पुढं सारखेच, रोडचे, रेघांचे. निम्मे घासलेत.

स्प्रिंगपाटा_जालना

मग निम्मं उत्तर तिथंच आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आन साबणासारखी होते, टायरच्या बारीक रेघा एका चकरेत भरून जातात, मग टायर गुळगुळीत. मागं लग टायर टाका, मोठ्या गठ्ठ्यांचे, साईज आरसीवर आहे तीच, लोड रेटिंग तेच. पुढं रिब म्हणजे रेघांचेच राहू द्या, स्टेअरिंगला हलकं. रोडवर आवाज करतात आन थोडे लवकर झिजतात, पण तुम्हाला सीझनला लागतात, जुन्या रिमचा एक जोड घेऊन ठेवा, पावसाळ्यापुरते चढवा.

आत जाताना गाडी रिकामी असते तेव्हा हवा 25 पर्यंत उतरवा. भरल्यावर मात्र एवढी कमी ठेवायची नाही, टायरची कड पिचते. छोटा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालणारा मिळतो तो गाडीतच ठेवा. रिकामी पिकअप मागून हलकी असते म्हणून घसरते, जाताना दोन-चार खताच्या पोत्यात वाळू भरून मागच्या अ‍ॅक्सलच्या वर टाकली तरी फरक दिसतो, माल भरायच्या आधी बागेतच उतरवून ठेवा.

चाकाखाली घालायला तुराट्या नेतात लोक, त्या मोडून चिखलात जातात. पऱ्हाट्यांचा बिंडा घ्या, आडवा टाकायचा. फक्त रस्त्याच्या कडंचे धसकटं कापलेले असतात टोकदार, तिथं चाक घालू नका, टायरची बाजू फाटली तर पंक्चरवाला काही करू शकत नाही.

शिवरस्ता_औसा

दीड किलोमीटरमधी फसायची जागा दोनच असतील तर त्या दोन जागा का नीट करत नाही? आमच्याकडं हेच केलं. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना निघाली होती 2021 ला, रोजगार हमीतून काम व्हायचं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात रस्ता बसवून घ्यावा लागायचा, आता काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. शेजारी अडवत असला तर तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज करता येतो, अर्थात सामोपचारानं झालं तर सगळ्यात चांगलं, बांधाचं भांडण पिढ्यानपिढ्या चालतं.

योजनेला वेळ लागतो म्हणून तोपर्यंत दिवाळीनंतर वाफसा आला की स्वतः करा. नुसता मुरूम टाकू नका, काळी माती दोन पावसात गिळून टाकते. आधी दोन्ही अंगाला नाली काढा, पाणी साचतं तिथं सिमेंटचा पाइप टाकून मोरी करा, वरची फुगलेली माती हातभर उकरून काढा, मग दगड, त्यावर मुरूम, मधी उंच दोन्हीकडं उतार आन रोलर. दगडाच्या खाली जिओटेक्स्टाईल कापड अंथरलं तर माती वर येत नाही, जास्त दिवस टिकतं. मुरमाची रॉयल्टी भरून पावती घ्या, नाहीतर ट्रॅक्टर जप्त होतो. दोन जागेचं काम चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून केलं तर एकावर भार येत नाही.

मोसंबीवाला_घनसावंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीला नाही म्हणून सांगितलं. लग टायरचा जोड बघतो, रेशो काढायचं पण करून बघणार आहे, माहिती असावी. बांधावाल्या काकांशी बोललो, ते म्हणाले पाइप टाका पण पाणी माझ्या तुरीत नको. तर नाली त्यांच्या बाजूनं न काढता वढ्याकडं उतार देता येतो का? वढा तिथून साधारण 200 फूट आहे.

शिवरस्ता_औसा

येतो की. फक्त उतार नजरेनं धरू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या, बांधकामवाला गवंडी घेतो तशी. 200 फुटाला दोन फूट उतार मिळाला तरी पाणी निघतं. नाली वढ्याला मिळते तिथं तोंडाला दगड रचा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात कड ढासळून नाली मागं मागं खात काकांच्या तुरीपर्यंत येईल. आन काकांना लेव्हल घेताना सोबत उभं करा, त्यांनी स्वतः बघितलं की मग पुढं बोलणं राहत नाही.